वरच्या कडेचा उतार

आमचे काका लाकडाचे त्रिकोण-चौकोन कापून मोठ्या फळीवर बसवतात आणि सगळ्याला पांढरा रंग फासतात. चित्र म्हणावं तर रंग नाहीत, मूर्ती म्हणावी तर नाक-डोळे नाहीत. रेघा ओढायचं काम सावल्या करतात, असं त्यांचं म्हणणं. मी आपली वर्षानुवर्षं मान डोलावत आले.

काकूनं तेवढंही केलं नाही. लग्न झालं त्या वर्षी ती एकदाच म्हणाली होती, "कडांवर किती धूळ बसते हो! पुसून पुसून जीव जातो माझा." त्यानंतर तीस वर्षांत काकांच्या कामाबद्दल चकार शब्द नाही. काकांनी मात्र दुसऱ्याच दिवसापासून प्रत्येक तुकड्याची वरची कड रंध्यानं तिरकी तासायला घेतली, धूळ घसरून पडावी म्हणून. हे मला सांगितलं, काकूला नाही. एकदा पॉलिशपेपर घासता घासता म्हणाले, "तिनं एकदा तरी काही म्हणायला हवं होतं गं." मला काकूचा भारी राग आला.

यंदा एका इस्पितळानं त्यांच्याकडून अख्ख्या भिंतीचं काम करून घेतलं. समारंभाला आम्ही तिघं पुढच्याच रांगेत. पडदा सरकला आणि काका पांढरेफटक पडले.

"उलटं लावलंय," ते पुटपुटले.

"मग सांगा ना!" मी म्हणाले.

"राहू दे. कुणाला कळतंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर खपलेला माणूस गप्प बसणार, आणि तिकडे इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई लोकांना त्यात उगवता सूर्य दाखवताहेत!

तेवढ्यात काकू उठली. "बाई, जरा थांबा. हे उलटं आहे."

"तुम्हाला कसं कळलं?" बाईंनी विचारलं.

"उतार खाली गेलाय. ह्यांच्या कामात तो वर असतो. धूळ ठरत नाही त्यावर. माझ्यासाठी तासतात ते."

माणसं शिडी आणायला धावली. काकू खाली बसली, पदर सारखा केला. काका तिच्याकडे बघतच राहिले.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. फडकं मीच फिरवते ना?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," काकू म्हणाली.