मेव्हण्याच्या हातचा दोर

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना डाव्या अंगाला एक वाडी लागते. तिथला कोंडाजी कड्यावरची आग्या मोहोळं काढायचा. कमरेला दोर बांधून तो घरचा जिना उतरावा तसा कडा उतरायचा. वर दोर धरायला कायम नाथू. हा नाथू त्याच्या बायकोचा, चिमाबाईचा भाऊ. या वाड्यांवर दोर मेव्हण्यानंच धरायचा, सख्ख्या भावानंसुद्धा नाही. भाऊ एखाद्या वेळी जमिनीच्या वाटणीसाठी हात सैल सोडेल, पण स्वतःच्या बहिणीचं कुंकू कोण पुसेल? कोंडाजीची बहीण गोदू नाथूला दिलेली, म्हणून नाथू उतरला की दोर कोंडाजीच्या हातात.

चौऱ्याऐंशी साली घाटात मुंबईची सिनेमावाली मंडळी आली. उडणाऱ्या माणसाचा पिक्चर, पैसा पाण्यासारखा. अक्कल मात्र मुंबईतच विसरून आले असावेत, कारण आले ते ऐन भाद्रपदात. धुक्यात उडणारा माणूस सोडाच, समोरचा डोंगर दिसेना. हिरोने दरी पाहिली आणि त्याला ताप भरला. त्याच्याऐवजी उडी मारायला आणलेल्या पैलवानाने दरी पाहिली आणि महाड गाठून परतीची एसटी धरली. दिग्दर्शक दोनदा बदलला. शेवटी कुणीतरी कोंडाजीचं नाव सांगितलं.

कोंडाजीच्या अंगावर निळा घट्ट पोशाख चढला, पाठीवर पोळ्याच्या बैलासारखी लाल झूल. अख्खी वाडी बघायला लोटली, मीही शाळा बुडवून गेलो होतो. नाथू खांद्यावर दोर टाकून आला, तर नवा दिग्दर्शक म्हणाला, "दोर पिक्चरमध्ये दिसेल. बारीक तार लावू. मशीनवरून आमची माणसं सोडतील."

नाथू म्हणाला, "मशीनवाल्याची बहीन हाय काय रे याच्या घरात?"

सगळे हसले. कोंडाजीही हसला. "बस रे नाथू, च्या पी. मुंबईची मानसं हायत ती." चार पाहुण्यांसमोर मेव्हणा अडाण्यासारखं बोलला याची त्याला लाज वाटली, दुसरं काही नाही. मला आजही त्या हसण्याचा राग येतो.

मशीन अर्ध्यावर अडकलं आणि मग एकदम सुटलं. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा आता उभा राहणार नाही. आठवड्याभरात मंडळी सामान बांधून गेली. पिक्चर कधी पुरा झालाच नाही.

चैत्रात मोहोळं भरली. दोन्ही घरं आता नाथूच्या अंगावर, त्यामुळे त्याला उतरणं भाग होतं. कोंडाजी बाजेवरून म्हणाला, "मला कड्यावर न्या. झाडाला बांधा. दोर मी धरतो."

नाथू तयार झाला. खरंच झाला, बाजेची एक बाजू त्याने उचललीसुद्धा. तेवढ्यात गोदू दारात आडवी उभी राहिली.

"नको दादा."

"का गो? हात बघ माझे. काय झालंय हातांना?"

"हात हायत रे." ती रडत होती, पण दारातून हलली नाही. "पन पाय रोवल्याबिगर दोर ऱ्हात नाय, तुलाच ठाव हाय. मला माझा नवरा पायजे."

नाथूने बाज खाली ठेवली. त्या साली कड्यावर कुणी उतरलं नाही.

गोदूचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कोंडाजी पुढे बरीच वर्षं जगला. ती रोज भाकरी घेऊन यायची. तो खायचा, पण ती भाकरी द्यायची तेव्हा हात कधी पुढे करायचा नाही. ती बाजेच्या कडेला ठेवून जायची.