मेंढरंवाल्या मावशीचं तोंड

झरी गावातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून मी माणसं घडवते. कॉम्प्युटर-मोबाइलवरच्या खेळांत जी पात्रं चालतात, भांडतात, मरतात, त्यांची अंगं आणि चेहरे तयार करायचे, हे माझं काम. शेजारपाजारचे विचारतात तेव्हा आई “ती कॉम्प्युटरचं करती” एवढंच सांगते. तेवढ्यावर लोकांचं समाधान होतं.

मागच्या वर्षी मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून काम करत होते. खेळ एका गावात घडणारा होता. नायक वाट चुकतो आणि एक मेंढरंवाली बाई त्याला रस्ता सांगते, असा प्रसंग होता. ती बाई घडवायचं काम माझ्याकडं आलं. आमच्या कलाप्रमुखानं नमुन्यादाखल फोटो पाठवले, ते कुठल्यातरी जत्रेत नटून उभ्या राहिलेल्या बायकांचे होते. मी त्याला म्हटलं, हे राहू द्या, माझ्या ओळखीत खरी मेंढरंवाली आहे.

उन्हाळ्यात आमच्या शेतात खतासाठी मेंढरं बसतात. ती घेऊन येणाऱ्या बाईला मी लहानपणापासून मावशी म्हणते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, कळप तीच सांभाळते. हनुवटीवर गोंदणाचे ठिपके, आणि डाव्या भुवईत एक चीर, मेंढ्याच्या शिंगानं पडलेली. मी फोटो मागितला तेव्हा तिनं सरळ विचारलं, “कामून पाहिजे?”

“खेळात तुझ्यासारखी बाई करायची आहे. वाट दाखवणारी.”

“मग मेंढरं बी घाल. मेंढरं न्हाई तर मी कशाची मेंढरंवाली?”

लिंबाच्या सावलीत बसवून मी तिचे चारी बाजूंनी फोटो काढले. मग कामाला लागले. आधी पडद्यावर मातीच्या गोळ्यासारखा एक राखाडी गोळा असतो. पेन टॅबलेटवर पेन दाबून त्यातून कवटी काढायची, गालाची हाडं उचलायची, डोळ्यांच्या खोबणी खोल करायच्या. सुरकुत्या शेवटी. नवशिके आधी सुरकुत्या कोरतात, म्हणून त्यांची म्हातारी माणसं चुरगळलेल्या कागदासारखी दिसतात. मावशीच्या सुरकुत्या उन्हात डोळे बारीक करून दूरवर बघण्यानं पडलेल्या आहेत. डोळ्यांच्या कोपऱ्यात दाट, कपाळावर अगदी कमी. हे कळायलाच मला बरेच दिवस गेले. मग सगळा चेहरा सालीसारखा उलगडून सपाट पसरायचा आणि त्यावर रंग चढवायचा. गोंदणाचा हिरवट निळा रंग कातडीच्या आतून आल्यासारखा दिसत नव्हता, वरून चिकटवल्यासारखा दिसायचा. शेवटी तो रंग बसला तेव्हा मी खुर्चीतून उठून दारापर्यंत गेले आणि लांबून पाहिलं. पडद्यावर मावशी बसली होती.

ती बघायला आली तेव्हा पडद्यापाशी वाकली. मग म्हणाली, “नाक लय मोठं केलंस.”

“आहेच मोठं.”

“हाय, पण तू जरा कमी करायचं होतंस की.” आणि पदर तोंडाला लावून हसली.

कलाप्रमुखानं मॉडेल पाहिलं. म्हणाला, “सुंदर झालंय. फक्त गरिबी कमी पडतेय. गालावर मळ घाल, पदर फाटका दाखव.”

“ती रोज अंघोळ करते. आणि फाटकं लुगडं नेसून गावात येत नाही.”

“खेळणाऱ्याला ती गावातली वाटली पाहिजे.”

“ती गावातलीच आहे.”

तिथंच माझं डोकं तापलं होतं. पायांवर थोडी धूळ घातली, ती खरी असते म्हणून. बाकी काही केलं नाही आणि फाइल पाठवून दिली.

नंतर एकदा सगळ्यांच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये त्यानं खेळाची झलक दाखवली. नदीकाठचं स्मशान, धूर, आणि धुरातून चालत येणारी चेटकीण. डोळे पांढरे, दात टोकदार. हनुवटीवरचे ठिपके हिरवे पेटलेले. डाव्या भुवईत चीर.

बाकीचे पडद्यावर अंगठे दाखवत होते.

“ही मेंढरंवाली आहे,” मी म्हटलं.

“होती,” तो म्हणाला. “मॉडेल इतकं भारी झालं की रस्ता सांगायला वाया घालवावंसं वाटेना. तुझं कौतुकच आहे हे.”

“हा एका जिवंत बाईचा चेहरा आहे. तिला मी वेगळं सांगितलं होतं.”

“तुमच्या झरीत कोण हा खेळ खेळणार आहे?”

आमच्या गावात पारावर बसलेल्या पोरांच्या हातात मोबाइलवरच्या खेळांशिवाय दुसरं काय असतं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. आणि मावशीचं त्याला काय माहीत. एकटी बाई, गावोगाव फिरणारी. एका गावात तिनं कुणाच्या तरी लेकराला उचलून घेतलं, लेकराला ताप आला, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या बायकांनी तिला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. हे तिनंच मला हसत हसत सांगितलं होतं. तेव्हाही मला हसू आलं नव्हतं.

मी शेतात गेले आणि मोबाइलवर ती झलक तिला दाखवली. लपवून ठेवणं मला जमलं नसतं. तिनं दोनदा पाहिली.

“हे कोण करायलंय?”

“पुण्याचा साहेब.”

“त्याला फोन लाव. तोंड माझं हाय, मी बोलते.”

मी घरी आणून तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं. कलाप्रमुख पडद्यावर आला. ज्या चेहऱ्याचे त्यानं दात वाढवले होते तो समोरून त्याच्याकडं बघत होता.

“साहेब,” मावशी म्हणाली, “तुमच्या घरी माय हाय का?”

“आहे.”

“मग तिचं तोंड लावा त्या बाईला. माझं काढा.”

तो म्हणाला, गैरसमज झालाय, हा फक्त खेळ आहे. मावशी म्हणाली, “मला खेळातलं कळत न्हाई. काढता का न्हाई ते सांगा.” तो कंपनीच्या नियमांचं बोलायला लागला. ती नुसती त्याच्याकडं बघत बसली. शेवटी तो म्हणाला, “बघतो.”

त्यांनी चेहरा बदलला. गोंदण गेलं, चीर गेली, नाकही सरळ झालं. हात मात्र तेच ठेवले. काठी धरून धरून वाकलेली ती बोटं मी एकेक पेर करत घडवली होती, कुठंही ओळखता येतात. मी हातांबद्दल लिहिलं, तर उत्तर आलं की हात कुणाचेही असू शकतात. त्याच दिवशी मी काम सोडलं.

मावशीला हातांचंही सांगितलं. तिनं स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, “जाऊ दे. पण आता माझा फोटो काढू नको.” मी नाही काढला. यंदा मेंढरं बसली तेव्हा चहा घेऊन गेले. आम्ही पावसापाण्याचं बोललो आणि ती कळपाकडं गेली.

परवा त्या कलाप्रमुखाचा मेसेज आला. जुनं विसरून जाऊ, नव्या खेळात एक म्हातारा गावकरी हवा आहे, तुमच्याकडं खरे चेहरे असतात, कुणी आहे का?

मी लिहिलं, “आहेत. तुम्हाला मिळणार नाहीत.”