विचारणारा कुठला?

साध्या प्रश्नाला उत्तर द्यायला आमच्या साडूभाऊंइतका वेळ लावणारा माणूस नगर जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर हे आधी त्याला विचारतील, "आपण कुठले?" चहा घेणार का, एवढं विचारलं तरी ते आधी विचारणाऱ्याकडे निरखून बघत. शेजारच्या काकूंचं "चहा घेणार का" म्हणजे आता निघा, आणि जामखेडकडच्या आमच्या सासुरवाडीत तेच शब्द म्हणजे आधण ठेवलंय, बसा. मिस्ड कॉलचंही तसंच. आईचा आला तर ती सुखरूप पोचली, बहिणीचा आला तर उलट फोन कर, गॅसवाल्याचा आला तर खाली ये. "खूण तीच असते हो, घर बदललं की अर्थ बदलतो," असं ते मला बजावत. त्यावर अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि त्यांची बायको, स्वयंपाकघरातून म्हणायची, "लग्नानंतर वर्षभर माझ्या नुसत्या 'हं'चा अर्थ लावत बसले होते."

हा दोष त्यांच्या नादाचा. दिवसा ते सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळत आणि घरी आले की जगभरच्या चार समदुःखी माणसांबरोबर फुकटात एक प्रोग्राम लिहीत. हा प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामच्या बोलण्याला कान लावून बसतो. कुठल्याही प्रोग्रामला काही वाचायचं, लिहायचं, बंद करायचं असलं की तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे अर्ज करतो, आणि तोही नावानं नाही, नंबरानं. साडूभाऊंचा प्रोग्राम ते नंबर टिपतो आणि त्यांच्यापुढे कामाचं नाव लिहितो. गोम अशी की प्रोसेसरच्या प्रत्येक घराण्याची नंबरांची यादी निराळी. आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरांत जुन्या बत्तीस बिटवाल्यांचा तीन नंबर म्हणजे 'वाच', आणि त्यांच्याच चौसष्ट बिटवाल्या धाकट्या पातीत तीन म्हणजे 'बंद कर'. वर नव्या मशीनवर जुने प्रोग्रामही चालतात, म्हणजे एकाच घरात दोन्ही बोल्या. म्हणून प्रत्येक अर्जाला आधी 'तू कुठला?' विचारायचं आणि मग त्याची यादी काढायची. हे सगळं त्यांनी मला एका पंगतीत समजावलं होतं, आणि तेवढ्यात श्रीखंडाचं पातेलं माझ्यापुढून निघून गेलं होतं.

असा हा माणूस एकदाच विचारायला विसरला. सासुरवाडीच्या जत्रेला आम्ही दोघे जावई गेलो होतो. सासरे गावच्या दूध संकलन केंद्राचे चेअरमन. केंद्राच्या कॉम्प्युटरवर शेखांची रुक्साना बसायची. नवरा गेल्यावर दोन मुलं घेऊन माहेरी आलेली, तिचं घर त्या खुर्चीवर चालायचं. अलीकडे ऐन गर्दीत मशीन मध्येच अडून बसायचं, दुधाचे कॅन उन्हात तापायचे आणि लवकर घरी जायला मिळावं म्हणून तीच ते बंद करते, अशी कुजबुज सुरू झाली होती. सकाळी मशीन पुन्हा अडून बसलं. सासरे म्हणाले, "जावईबापू, तुमी यातलं जानता. बघा जरा." साडूभाऊंना तेवढंच हवं होतं. त्यांनी आपला लाडका प्रोग्राम लावला, पडद्यावरच्या ओळी वाचल्या आणि खुशीत जाहीर केलं, "हे आपोआप होत नाही. बंद करायचा हुकूम दिला जातोय, सारखा सारखा."

सगळ्यांच्या माना रुक्सानाकडे वळल्या. "म्या बटनाला हात बी लावला न्हाई," ती म्हणाली. सासरे वाईट नव्हते, पण लोक बघत होते. "संध्याकाळपासनं तू येऊ नगंस," एवढं म्हणून ते घराकडे वळले. मला फार वाईट वाटलं, पण साडूभाऊंपुढे त्या विषयात बोलणार कोण?

दुपारी हुलग्याची शेंगोळी होती. साडूभाऊ "नको" म्हणाले आणि सासूबाईंनी आणखी एक डाव ओतला. मी म्हटलं, "अहो, ते नको म्हणाले." सासूबाई म्हणाल्या, "जावयाचं नको आमी धरत न्हाई." साडूभाऊंचा घास हातातच राहिला.

"साडूभाऊ," ते मला म्हणाले, "मी त्याला विचारलंच नाही."

"कुणाला?"

"त्या प्रोग्रामला. तू कुठला म्हणून. ती तपासणी मी माझ्या प्रोग्राममधून दुरुस्तीसाठी काढून ठेवली होती, परत घालायची राहिली. मशीन नवं आहे, प्रोग्राम जुना असणार."

आणि भरलं ताट सोडून ते उठले. त्या घरात असं कुठल्याच जावयानं केलं नव्हतं. अक्का मागून हाका मारत राहिली.

केंद्रावर जाऊन त्यांनी तेच नंबर जुन्या यादीनं वाचले. सकाळचं प्रत्येक 'बंद कर' आता 'वाच' झालं होतं. केंद्राचा प्रोग्राम काट्याकडे पुन्हा पुन्हा दुधाचं वजन मागत होता आणि ते येईपर्यंत बाकी कामं अडवून बसला होता. वजन येणार कुठून? टेबलाखालची वायर उंदरानं कुरतडली होती.

वायर जोडली. मग साडूभाऊ स्वतः शेखांच्या दारात गेले आणि रुक्सानाला घेऊन आले. संध्याकाळच्या रांगेपुढे उभं राहून ते म्हणाले, "चूक माझी आहे. हिनं काही बंद केलं नव्हतं. मशीनही बंद पडत नव्हतं, ते वाट बघत होतं." सासऱ्यांनी खाली मान घालून खुर्ची पुढे सरकवली.

"मग सकाळी तसं का म्हनलात, दाजी?" रुक्सानानं विचारलं.

"विचारायचं राहिलं गं," साडूभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. रुक्साना खुर्चीत बसली आणि तिनं पहिला कॅन मागवला.

अक्का गेल्यापासून साडूभाऊ बंगळुरूला मुलाकडे असतात. रविवारी फोन करतात आणि 'कसे आहात' झालं की गप्प होतात. परवा बायको म्हणाली, "ठेवला वाटतं दाजींनी." मी म्हटलं, "ठेवला नाही. वाट बघतायत." मग मी त्यांना सासुरवाडीचं सांगत बसतो. केंद्राला नवा काटा आला, रुक्सानाचा थोरला कॉलेजात गेला, ती अजून त्याच खुर्चीवर बसते. बऱ्याच वेळानं पलीकडून एक 'हं' येतो. त्याचा अर्थ अक्काला बरोबर कळला असता. मी आपला फोन कानाला धरून पुढचं सांगतो.