हिल्सबरोतला कावळा

मी देव मानत नाही आणि खोटं बोलत नाही. यातली पहिली गोष्ट लोक चटकन माफ करतात. दुसरीचा त्यांना फार त्रास होतो, हे समजायला मला अर्धं आयुष्य लागलं.

कॉलेजात असताना देव सुटला आणि तेव्हापासून मी एक भलतीच जबाबदारी अंगावर घेतली. देव न मानणारा माणूस वाया जात नाही, हे जगाला दाखवून द्यायचं काम एकट्या माझ्याकडे आहे, असं मला वाटायचं. त्यामुळे मी एखाद्या कर्मठ माणसाच्या वरताण सोवळं पाळू लागलो. माझं सोवळं फक्त खरं बोलण्याचं होतं. ऑकलंडच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या बाईंनी, खाण्याच्या कशात मध आहे का, असं विचारलं, तेव्हा मी न विचारलेलंही सांगून टाकलं. म्हटलं, सासूबाई डिंकाच्या लाडवांत थोडा घालतात. मध या देशात आणायला बंदी आहे. अख्खा डबा आमच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात गेला. टॅक्सीत बसल्यावर बायको म्हणाली, "तुझ्या खरेपणाचं बिल नेहमी दुसऱ्याच्या नावावर कसं येतं रे?"

मी हसलो. चांगलं वाक्य होतं. पुढे पार्ट्यांमध्ये मी ते सांगत फिरलो, तेही स्वतःचा मोठेपणा म्हणून. असा मी.

तर, ऑकलंडमध्येच, हिल्सबरोला माझा एक मित्र राहतो. पुण्यातला, कॉलेजपासूनचा. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेन्डरसनला. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले आणि या वर्षी त्याने आईला इकडे आणलं. काकूंचा कायम राहण्याचा व्हिसाही झाला. पण काकूंचं काही ठरत नव्हतं. पुण्याचा फ्लॅट कुलूप लावून ठेवलेला, किल्ली पर्समध्ये, आणि पर्स उशाशी. गुडघे दुखायचे, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. तिकडे एकटं राहण्यासारखी त्यांची तब्येत नव्हती, हे सगळ्यांना कळत होतं. त्यांनाही.

सप्टेंबरमध्ये मित्राचा फोन आला. "बुधवारी बाबांचा पक्ष आहे. जेवायला ये."

"मी? पितरांच्या जेवणाला? अरे, मी नास्तिक आहे."

"भूक लागते ना? मग झालं. बाहेरचं एक पान लागतं, आणि बुधवारी दुपारी घरून काम करतो असं सांगून रिकामा बसलेला तूच आहेस."

हे खरं होतं. मग त्याने आवाज खाली आणला. "अजून एक सांगतो. आई म्हणतेय, पानाला कावळा शिवला तर मी इथंच राहते. नाही शिवला तर पुण्याला जाते."

ते कुठून आलं, हे मला ठाऊक होतं. काकांच्या दहाव्याला मी योगायोगाने पुण्यात होतो. घाटावर पिंड मांडले तर एकही कावळा जवळ येईना. लोक उन्हात ताटकळले. कुणीतरी काय काय कबूल करून पाहिलं. शेवटी मित्र मोठ्याने म्हणाला, "बाबा, आईला मी एकटं ठेवणार नाही." आणि कावळा आला. योगायोग आहे, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं. काकूंनी मात्र ते वाक्य धरून ठेवलं. आता त्यांचा प्रश्न साधा होता. आपण एवढ्या लांब, समुद्रापलीकडे आलो. ह्यांना आपला पत्ता कळलाय का?

"अरे, पण इथं कावळे आहेत कुठे?" मी म्हटलं.

"तेच तर. कुठलातरी काळा पक्षी येईलच. आईला लांबचं धड दिसत नाही. आम्ही म्हणू, आला. तू फक्त तोंड उघडू नकोस. जेवायला उघड."

"मी खोटं बोलणार नाही."

"बोलू नकोस ना, बाबा! गप्प बस. गप्प बसण्याला तुझ्या धर्मात बंदी आहे का?"

काकूंना कावळ्यांची शंका आधीच आली होती म्हणे. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "कावळे ओरडत नाहीत रे इथले." तर हा म्हणाला, "इथं कुणी हॉर्नसुद्धा वाजवत नाही, आई." काकूंना ते पटलं होतं.

बुधवारी गेलो तर दाराबाहेरपासून वड्यांचा वास. वहिनींनी सुट्टी घेऊन सगळं केलं होतं. उडदाचे वडे, खीर, कढी, गवार, आमसुलाची चटणी. अळूची पानं समोअन लोकांच्या दुकानातून आणलेली. मित्राने फोनवर गुरुजी लावून तर्पण उरकलं होतं. मागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर सगळ्यातलं थोडं थोडं. आत काचेच्या सरकत्या दाराशी खुर्ची टाकून काकू बसलेल्या. नेसूची साडी, वर सुनेचं जाड जॅकेट. कावळ्याने घास घेतल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, असा नियम. माझं पान समोर वाढून ठेवलेलं. मी सकाळी नाश्ता केला नव्हता. हा तपशील मी मुद्दाम सांगतोय.

आधी साळुंक्या आल्या. "ह्या साळुंक्या," काकू म्हणाल्या. त्यांना आवाजावरून कळलं. मित्राने टाळ्या वाजवून त्या उडवल्या. मग एक सीगल आला. तो एवढा पांढरा की वहिनींचाही धीर झाला नाही. वेळ चालला होता. वडे निवत होते. काकू एकदाच पुटपुटल्या, "सापडत नसेल घर."

आणि मग कुंपणावर एक काळा पक्षी उतरला. नारिंगी चोच, बुटका. टुणटुण उड्या मारत कठड्यावर आला, मान वाकडी करून पानाकडे बघितलं आणि वड्याचा तुकडा उचलून गेला.

"आला, आला!" वहिनी म्हणाल्या.

"आई, आले बाबा!" मित्र म्हणाला. ठरवून केलेलं खोटं होतं आणि तरी त्याच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. हे मी पाहिलं. ते दिसल्यावर तरी माझ्यातलं काहीतरी हलायला हवं होतं.

काकू खुर्चीचे हात धरून उठल्या. हात जोडले. आणि मग, काय वाटलं कोण जाणे, माझ्याकडे वळल्या.

"तू सांग रे. ही दोघं मला ठेवून घ्यायला काहीही सांगतील. तुला ना देवाचं काही, ना कावळ्याचं. तू खोटं बोलत नाहीस, हे तुझ्या काकांनाही ठाऊक होतं. कावळा होता ना?"

आज मला दहा उत्तरं सुचतात. "काळा होता, काकू," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि ते शब्दन्‌शब्द खरं होतं. "वडा मात्र आवडला त्याला," असं म्हणता आलं असतं. ठसका लागला असता तरी चाललं असतं. मित्र माझ्याकडे बघत होता. वहिनी पळी हातात धरून उभ्या. आणि मला, काय सांगू, आतून अभिमान वाटला. तेहतीस कोटी देव मानणारी बाई साक्षीला मला बोलावत होती!

"कावळा नव्हता, काकू," मी म्हटलं. "ब्लॅकबर्ड म्हणतात त्याला. कावळे इथं नाहीतच."

एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला? मी पुढे माहितीही दिली. गोरे लोक इथं आले तेव्हा त्यांना घरचे पक्षी ऐकू येईनात, म्हणून त्यांनी हे पक्षी बोटीत घालून आणले, वगैरे. कुणी विचारलं नव्हतं.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि आपल्या कुणाला कावळा आणावासा नाही वाटला?"

"चला, जेवून घ्या. मुलगा कधीचा बसलाय," असं म्हणत त्यांनी स्वतः माझ्या पानात वडे वाढले. गरम नव्हते, पण उत्तम होते. मी पाच खाल्ले. काकूंनी खीर नुसती बोटाला लावली.

निघताना मित्र जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून गाडीपर्यंत आला. मला वाटलं, ओरडेल. तो ओरडला नाही.

"तिने मला सरळ विचारलं रे," मीच सुरुवात केली.

"हो."

"मग मी काय करायला हवं होतं?"

"खोटं माझं होतं," तो म्हणाला. "पाप लागलं असतं तर मला लागलं असतं. तू तर पापबिप मानतही नाहीस. तुझं काय जाणार होतं?"

मी गाडी सुरू केली. याला उत्तर म्हणून मी हेन्डरसन येईपर्यंत मोठमोठी वाक्यं रचली. सत्य, माणसाचा आत्मसन्मान, म्हाताऱ्या माणसाला मूल समजून फसवू नये, असं बरंच काही. त्यातलं काही चूक होतं असं आजही म्हणवत नाही. रात्रीच्या जेवणाला मी नको म्हटलं, तेव्हा बायकोने सगळी हकीगत काढून घेतली. ऐकून म्हणाली, "लाडवांच्या वेळी निदान तूही उपाशी होतास. या वेळी वडे खाऊन आलास."

मग बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "खरं सांग, तेव्हा तुला भूक लागली होती का?"

मी खोटं बोलत नाही. "लागली होती," म्हटलं.

काकू दिवाळीच्या आत पुण्याला गेल्या. मित्राने हात जोडले, वहिनी रडल्या, व्हिसाची कागदपत्रं दाखवून झाली. काकूंचं एकच म्हणणं: "ते तिकडे येऊन दार ठोठावतील, आणि घराला कुलूप." मला विमानतळावर कुणी बोलावलं नाही. मी गेलोही नाही.

आता त्या एकट्या राहतात. शेजारचे डबा देतात. उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या, त्यांचा बाथरूममध्ये पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण शेजाऱ्यांचं लक्ष जाईपर्यंत त्या तशाच खाली बसून होत्या. हे मला वहिनींकडून कळलं. मित्र आता भेटला की क्रिकेटबद्दल बोलतो, अगदी व्यवस्थित, जसं ऑफिसातल्या माणसाशी बोलावं तसं.

देव मानणाऱ्यांची एक सोय मला पूर्वी हास्यास्पद वाटायची. चूक झाली की कुठेतरी जाऊन, कुणाकडे तरी बघून कान पकडायचे. समोरून उत्तर येत नाही, पण पकडल्यासारखं होतं. मी कुणासमोर पकडू? माझ्या गाभाऱ्यात मीच बसलेला, आणि पुजारीही मीच. तिथं माफी मागितली तर चटकन मिळते. म्हणून ती घ्यावीशी वाटत नाही.

मागच्या रविवारी धीर करून काकूंना व्हिडिओ कॉल लावला. इथं दुपार, तिथं सकाळ. त्या ओट्याशी होत्या. फोन डब्याला टेकवलेला, त्यामुळे मला अर्धा चेहरा आणि अर्धा कुकर दिसत होता. तब्येत विचारली. मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. इकडच्या थंडीबद्दल बोललो. आणि मग मी, ज्याची जीभ विमानतळावरसुद्धा वळली नव्हती तो मी, म्हटलं:

"काकू, एक सांगायचं होतं. परवा इथं आमच्या डेकवर कावळा आला होता. खरा कावळा. मी चुकीचं सांगितलं होतं तुम्हाला. इथं असतात, फक्त कमी."

काकूंनी गॅस बारीक केला. फोन हातात घेऊन चेहरा जवळ आणला. ऑपरेशन झालेला डोळा स्वच्छ दिसत होता, आणि त्या डोळ्याने त्या माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. त्या बघण्यात सगळं होतं. मी पहिल्यांदाच खोटं बोलत होतो ना. मला ते नीट जमलंही नव्हतं.

"हो का?" त्या म्हणाल्या. अगदी हळू, लहान मुलाने पडून आल्यावर त्याला म्हणतात तसं. "आला असेल हो."

"हो ना. चांगला मोठा होता."

"मग? काही घातलंस का त्याला?"

"दहीभात," मी म्हटलं.

"बरं केलंस," काकू म्हणाल्या. "उपाशी नाही ना पाठवलंस, बास."

मग त्यांनी विचारलं, कुठल्या बाजूने आला, ओरडला का, मान कशी करत होता. मी सांगत गेलो. त्या हं हं म्हणत गेल्या. परत याल का, हे मी विचारलं नाही, आणि त्यांनीही तो विषय काढला नाही. कुकरची शिट्टी झाली तेव्हा, "ठेवते हं, जपून राहा रे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.