आधी पाय घासून ये

"पाय घासून ये. टाचा कॅमेऱ्यात दिसतात."

सकाळी मॅडमनी मला एवढंच सांगितलं. मी खाली जाऊन वॉचमनच्या शेडमागच्या नळावर बसले आणि वजरीने टाचा घासल्या. भेगांतून रक्त आलं. संध्याकाळी ऐरोलीच्या हॉलमध्ये, सगळ्या मंडळीसमोर, मॅडम गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी माझे तेच पाय पितळी घंगाळात घेऊन धुतले. घंगाळ आदल्या दिवशी मीच चिंच लावून लखलखीत केलं होतं.

प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा आधी घासून या, असं कुणाला सांगितलं नव्हतं. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी रडत होते.

मॅडमच्या एका हातात माझा पाय होता, दुसऱ्या हातात माईक. त्या म्हणाल्या, "ही माझ्याकडे कामाला नाही. ही माझी बहीण आहे." हॉल म्हणाला, आमेन. मग त्यांनी माझं सगळं सांगितलं. नवऱ्याने मारून हिचा डावा कान फोडला. दारू पिऊन हिला घराबाहेर काढायचा. मूल राहिलं नाही म्हणून काय काय बोलायचा. हे मी त्यांना स्वयंपाकघरात, ओट्याशी, डोळे मिटून प्रार्थनेत सांगितलं होतं. हे तुझ्यामाझ्यात आणि प्रभूत राहील, असं त्या म्हणाल्या होत्या. पुढच्या रांगेतली जोडपी टिश्यूने डोळे पुसत होती. एका बाईने फोन उंच धरला होता. मला वाटलं, साडी सोडून उभी असते तरी एवढी लाज वाटली नसती.

मॅडम आणि त्यांचे मिस्टर, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, नवराबायकोंसाठी सभा घेत. नाती कशी जपावीत, माणूस आतून कसा वाढतो, क्षमा कशी करावी. खोटं कशाला बोलू, सुजलेलं तोंड घेऊन मी त्यांच्या दारात गेले तेव्हा त्यांनीच मला आत घेतलं. कपड्यांच्या मशीनशेजारच्या खोलीत झोपायला जागा दिली. मी घरचं सगळं काम करायचे. आपल्याच माणसांत आलो, असं वाटलं. आम्ही जालन्याकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती. पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "आधीचे कोण तुम्ही?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "प्रभूमध्ये सगळे सारखेच गं." आणि मला खालचा वॉचमनचा संडास दाखवला.

अकराव्या मजल्यावरून खाली जायचं. लिफ्ट बंद असेल तर जिन्याने. पाळीच्या दिवसांतही. घरातली दोन्ही बाथरूमं मी रोज घासायची, आरशावरचा डागसुद्धा ठेवायची नाही. वापरायचं मात्र खाली. पोट दाबून धरायची सवय झाली. त्यात अपमान आहे हेही लक्षात येईनासं झालं. आसरा दिलाय, मग एवढं तर असणारच, असं मी स्वतःलाच समजवायची.

पाय धुतले त्याच्या दुसऱ्या दिवशी धुण्यात तो टॉवेल आला. मॅडम म्हणाल्या, "तो आपल्या कपड्यांत टाकू नकोस. वेगळा भिजव, औषध टाकून." माझ्या पायांचा टॉवेल. बहिणीच्या पायांचा. मी वेगळा भिजवला. हातांनी चोळून धुतला.

दर शुक्रवारी बायकांची प्रार्थना असायची. प्रत्येकीने आपली विनंती सांगायची. कुणी मुलाच्या ॲडमिशनसाठी, कुणी फ्लॅटसाठी. माझी विनंती मॅडमनी ठरवून दिली होती. "सहनशक्ती माग. बाकीचं आपोआप होतं." मी तेच मागायची. सगळ्याजणी माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या.

मग मॅडमनी माझ्या नवऱ्याला फोन केला. मला न विचारता. तो बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या यार्डातून कंटेनरचा ट्रेलर चालवतो. दर शनिवारी सरांकडे समुपदेशनाला यायला लागला. केस चापून, बटणं गळ्यापर्यंत लावून. तो सोफ्यावर बसायचा. मी ट्रे घेऊन उभी. सरांचे शब्द त्याने भराभर उचलले. "आमच्यात संवाद कमी पडला, सर." "मी आतून तुटलोय, सर." सर मान डोलवायचे. माझ्या कानाबद्दल कुणी विचारलं नाही. त्याला कटलेट आवडलं, तर मॅडम मला म्हणाल्या, "अजून आण गं त्यांना."

एका शनिवारी तो मध्येच उठला. "सर, बाथरूम?"

"ते काय, डावीकडे."

तो गेला. मी सकाळी घासलेल्या फरशीवर गेला. मग फ्लशचा आवाज आला. चालू असलेल्या कानाने तो मी नीट ऐकला.

माझ्या हातात बशा होत्या. त्या तशाच धरून मी बाथरूमच्या दाराकडे बघत राहिले. ज्याने माझा कान फोडला त्याला हे बाथरूम. आणि जिचा फुटला तिला वॉचमनची शेड.

तो गेल्यावर मी विचारलं, "मॅडम, त्यांना चालतं?"

"काय चालतं?"

"बाथरूम."

त्यांना खरंच कळलं नाही. म्हणाल्या, "अगं, पाहुणे आहेत ते."

मी म्हटलं, "मला परत नाही जायचं त्यांच्याकडे."

मॅडमचा आवाज मऊच होता. "घर मोडल्याचं पाप डोक्यावर घेऊ नकोस. तो बदललाय. आणि इथे तरी किती दिवस राहणार तू?"

म्हणजे परत जा, नाहीतर रस्त्यावर जा. आईबाप गेलेले. भावाच्या घरात वहिनी मला उंबऱ्यावर उभी करणार नव्हती. त्या आठवड्यात मी शुक्रवारची वाटच पाहिली नाही. भांडी घासता घासता एकच मागत होते, प्रभू, मला मरण दे, पण त्या माणसाच्या खोलीची कडी आतून लागताना पुन्हा पाहायला लावू नको.

पुढच्या सभेत माझी पाळी होती. पुन्हा तोच हॉल, तेच घंगाळ. या वेळी मी नवऱ्याचे पाय धुवायचे होते. क्षमेची खूण. त्यानंतर मी त्याच्याबरोबर द्रोणागिरीला जाणार होते. माझी पिशवीसुद्धा मॅडमनी भरून सरांच्या गाडीत ठेवली होती.

तो खुर्चीवर बसला. मोजे काढले. त्याला कुणी पाय घासून यायला सांगितलं नव्हतं. मॅडम माईकवर म्हणत होत्या, "आज एक मोडलेलं घर पुन्हा उभं राहतंय." मी गुडघ्यावर बसले, तांब्या उचलला. तो वाकला. लोकांना वाटलं असेल, डोळे पाणावलेत बिचाऱ्याचे. तो हसऱ्या तोंडाने माझ्या उजव्या कानाशी म्हणाला, "घरी चल. मंग दावतो तुला."

उजव्याच कानाशी. कुठला कान चालतो हे त्याला चांगलं ठाऊक.

मी तांब्या खाली ठेवला. उभी राहिले. मॅडमच्या हातातला माईक घेतला. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"हे आत्ता म्हणाले, घरी चल, मंग दावतो. यांनी माझा कान फोडलाय. मी यांचे पाय धुणार नाही. यांच्याबरोबर जाणार नाही."

मग कीबोर्डवाल्याने हळूच गाणं सुरू केलं, माझे शब्द झाकायला. सर म्हणाले, "सैतान हिच्या तोंडून बोलतोय, सगळ्यांनी प्रार्थना करा." चारपाच हात माझ्या डोक्यावर आले, खाली दाबणारे. मी ते हात काढले. दारात चपला घातल्या. मॅडम मागे आल्या, माईक नसल्यामुळे हळू बोलल्या. "एवढं केलं तुझ्यासाठी. आता तोंड दाखवू नकोस."

मी गाडीतून पिशवी घेतली आणि चालायला लागले.

आता कळंबोलीत लोखंड बाजाराच्या मागे ट्रकवाल्यांच्या खानावळीत चपात्या लाटते. तिथेच पोत्यांवर झोपते. कामावर घेताना मालकीणबाईने विचारलं, "पगार काय घेशील?" मी म्हटलं, "आधी सांगा, बाथरूम कुठलं वापरायचं?" तिने मला वेडी समजून माझ्याकडे पाहिलं. "एकच हाय बाय. कडी नीट लाव."

सुख लागलं असं समजू नका. त्याचा ट्रेलर इथेही येतो. तो समोरच्या टपरीशी उभा राहून बघतो आणि माझ्या चपात्या करपतात. डाव्या कानात दिवसभर शिट्टी वाजते. पोलीस ठाण्यात गेले तर म्हणाले, घरचं घरी मिटवा. मी उद्या पुन्हा जाणार आहे. परवाही जाईन. तक्रार लिहून घेईपर्यंत तिथल्या बाकावर बसेन. ज्याला माझी क्षमा हवी आहे त्याने आधी तिथे यावं आणि साहेबांसमोर सांगावं, कान मी फोडला. क्षमेचं नंतर बघू.

प्रार्थना सोडलेली नाही. पीठ मळताना रोज करते. फक्त सहनशक्तीची ती विनंती मी परत घेतली आहे.