मोठ्या अक्षरात लिव
परवा इथल्या घरात सुके बोंबील तव्यावर पडले आणि मला बोईसरचं ते झेरॉक्सचं दुकान आठवलं. मला परदेशातल्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली होती, आणि सोबत येण्यासाठी नवऱ्यानं कारखान्यातली नोकरी सोडली होती. आम्ही व्हिसाचे फॉर्म भरायला बसलो असताना जवळच्या दांडी गावची माझी सासू मासळीबाजार आटोपून, रिकामी पाटी घेऊन तिथंच आली. दुकानदारानं नाक मुरडलं. बोईसरात जन्म काढला आणि म्हणे माशांचा वास सहन होत नाही! नवऱ्याच्या नावापुढे ‘डिपेंडंट’ टाइप करताना दुकानदार फिसकन हसला. "मंजे काय रे?" सासूनं विचारलं. "म्हणजे मावशी, तुमचा मुलगा आता बायकोच्या जिवावर जगणार." नवऱ्यानं मान खाली घातली. मी काही बोलणार, तोच सासूनं पाटी दुकानदाराच्या टेबलावर आदळली. "याचा बाप दर्यात जायचा, पन मी बाजारात मासली इकायची तवाच घरात भात शिजायचा. आमच्यात समदेच बायकोच्या जिवावर जगतात. तुला लाज वाटते, तर तू वाटून घे. लिव तिथं, आनि मोठ्या अक्षरात लिव!" त्यानं तो शब्द मोठ्या अक्षरात टाइप केला. परवा जेवायला आलेल्या पाहुण्यांनी नवऱ्याला विचारलं, "आपण काय करता?" तो बोंबील परतत होता. मान वर करून म्हणाला, "डिपेंडंट आहे. मोठ्या अक्षरात."