आतोबांचं कढण

जोयडा तालुक्यात पोट, पाठ किंवा कंबर धरून आमच्या आतोबांसमोरून कुणी औषधाविना सुटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. रामनगरजवळच्या वाडीत त्यांची भातशेती. देवाशी ते कोकणीत बोलत, माणसांशी मराठीत आणि बैलांशी कन्नडमध्ये; बैलांना मराठी शिव्या समजतात आणि मग ते दिवसभर रुसतात, असं त्यांचं म्हणणं. औषध मात्र त्यांच्याकडे एकच, कुळथाचं कढण. तरुणपणी त्यांचा ज्वारीच्या दाण्याएवढा मूतखडा कढण पिऊन पडला होता. तेव्हापासून सर्दी, सांधेदुखी आणि सासू-सुनांची भांडणं या सगळ्यांवर ते कढणच सांगत. एकदा गणेशगुडीला नदीवर आलेला एक शहरी पाहुणा कंबर धरून बसलेला त्यांना दिसला. आतोबा सरळ लॉजच्या स्वयंपाकघरात घुसले आणि कुळीथ शिजवूनच बाहेर आले. "अहो, मी दगडावरून घसरलोय," तो बिचारा कळवळून सांगत होता. "खडा तो खडाच! आतला काय नि भायला काय, घ्या," म्हणत त्यांनी त्याला तांब्याभर कढण पाजलं आणि वर मीठ बरोबर आहे का, तेही विचारलं.

पण माणूस भला. दुसऱ्या दिवशी सकाळीच रोग्याच्या दारात हजर होत आणि तो "बरं हाय" म्हणेपर्यंत हलत नसत. निम्मी वाडी त्या धास्तीनेच बरी होई.

मग त्यांच्याच लघवीतून रक्त जाऊ लागलं. आत्याने रडून-भांडून त्यांना माझ्याबरोबर बेळगावला धाडलं, आणि स्वतःही आली. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर लावला. डाव्या किडनीत फांद्या फुटलेला भलामोठा खडा होता. आतोबांनी तो जवळून न्याहाळला. "हे चितळाचं शिंग हाय. दुसऱ्याच कुणाचा फोटो लावलायसा बाई."

बाई हसल्या. "अज्जा, तुमचाच आहे. एवढा खडा औषधानं पडत नाही. पाठीतून बारीक भोक पाडायचं, दुर्बीण घालायची, खडा फोडून तुकडे काढायचे. आत्ता केलं तर किडनी वाचेल."

"भोक पाडायला मी काय बासरी हाय?" आतोबा उठलेच. दवाखान्यातली सगळी माणसं हसली. मीही हसलो. एकटी आत्या हसली नाही.

पुढचं वर्षभर घरात कुळीथ शिजत राहिला. आत्या रोज म्हणायची, "अवो, बेळगावला चला," आणि आतोबा रोज म्हणायचे, "खडा झिजूलालाय आत, मला कळतंय की." त्यांना थोडं बरं वाटे, मग पुन्हा दुखे. बरं वाटलेले दिवसच ते लक्षात ठेवत. भाताच्या लावणीच्या दिवसांत ते शेतातच थंडी वाजून कोसळले. अंगात भट्टीसारखा ताप. आम्ही त्यांना जीपमध्ये घालून बेळगावला नेलं. किडनीत पू झाला होता. आधी पाठीतून नळी घालून तो काढला. ताप उतरल्यावर तपासण्या झाल्या, तेव्हा कळलं की डावी किडनी आता काही कामच करत नाही. खड्यासकट तीच काढावी लागणार होती.

आतोबांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "बाई, गेल्या साली आलो असतो तर ऱ्हायली असती?"

बाईंनी हातातला रिपोर्ट मिटला. "बहुतेक राहिली असती, अज्जा."

मला वाटलं, आता ते काहीतरी चमत्कारिक बोलतील आणि आम्ही हसू. ते आत्याकडे वळले. "तू सांगत हुतीस," एवढंच म्हणाले.

आत्याने त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. "ऱ्हाऊ दे आता," ती म्हणाली, "जीव वाचला की न्हाई?" आणि तोंड धुवायच्या निमित्तानं बाहेर निघून गेली.

शस्त्रक्रिया नीट झाली. दुसरी किडनी चांगली आहे, बाईंनी सांगितलेलं सगळं आतोबा निमूट पाळतात. पण त्यांना घरी आणतानाचा बसचा प्रवास काही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वाटेत एकाही प्रवाशाशी न बोलता ते खिडकीशी बसले होते, डावी कूस तळहाताने धरून.

"दुखतंय व्हय?" आत्याने विचारलं.

"न्हाई गं," ते बाहेरच्या रानाकडे बघत म्हणाले. "हितं मोकळं मोकळं वाटूलालंय."

आत्याने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला, आणि रामनगर येईपर्यंत तो तिथेच राहू दिला.